मेट्रनबाईंची चाकं

शोरूममधल्या टायवाल्याने गाडीचं दार अदबीने उघडून धरलं, आणि मेट्रनबाई आत बसायच्या ऐवजी दाराशी फरशीवर उकिडव्या बसल्या. पर्समधून शिंप्याची टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि जमिनीला घट्ट धरायला सांगितलं. दुसरं टोक त्यांनी सीटपर्यंत ताणलं, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. टायवाल्याला वाटलं, वयस्क बाई आहेत, चढायला जड जात असेल. तो म्हणाला, आंटीजी, काळजी करू नका, पायरी बसवून देऊ.

"चढ़ने की फिकर तू मत कर भिया," बाई उठता उठता म्हणाल्या. "मेरे को ये और ऊँची चाहिए."

असं गिऱ्हाईक त्या काचेच्या दुकानात आधी आलं नसावं. इंदूरला तेव्हा मोठ्या गाड्यांचं नवं वेड लागलं होतं. कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि शोरूम एकेक करून उघडत होती, कधीकधी एकाच रस्त्यावर समोरासमोर. गिऱ्हाइकं रंग विचारायची, एसी विचारायची, कॅसेट लावून आवाज ऐकायची. जमिनीपासून सीट किती उंच हे विचारणारी ही एकटीच, आणि तीही पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ अशा अवतारात.

त्या माझ्या घरमालकीण. मी कराडहून नोकरीसाठी आले होते, पिथमपूरच्या एका कारखान्यात गाड्यांचे रबरी भाग तपासायचं काम होतं, आणि सुदामा नगरात बाईंच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. खोली दाखवताना त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. रक्तगट कोणता, आणि गाडी चालवता येते का. पहिल्याचं उत्तर त्यांना आवडलं. दुसऱ्याचं 'नाही' आलं तेव्हा त्यांनी किल्ली हातात दिली खरी, पण बजावलं की बाईमाणसाला तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, सही, टाका आणि गिअर, आणि तिसरी त्या मला शिकवणार. शिकवलीही. वडील महूच्या छावणीत फौजी ट्रक चालवायचे, त्यांच्या मांडीवर बसून बाईंनी स्टिअरिंग धरलेलं. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पाहायला आले त्यांनी चहा येतो का विचारलं, गाणं येतं का विचारलं. गाडी येते का कोणी विचारलं नाही. फिर मी पण हो नाही बोलली."

लोक म्हणतात माणसाने थोडं वाकायला शिकावं. मला हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते सगळे त्या वेळी खुर्चीत बसलेले होते. मेट्रनबाई खुर्चीत फारशा बसायच्याच नाहीत.

गिरणीच्या दवाखान्यात त्या आयुष्यभर मेट्रन होत्या. गिरणी बंद झाली तेव्हा लोक येऊन खाटा, कपाटं, वजनकाटा सगळं उचलून घेऊन गेले. बाईंनी भिंतीवरचा पत्र्याचा फलक स्वतः स्टुलावर चढून उतरवला, रिक्षात आडवा घातला आणि सुदामा नगरच्या घराच्या फाटकावर टांगला. 'मिल दवाखाना. तिन्ही पाळ्यांत उघडा.' गिरणीचा भोंगा गप्प झालेला, पाळ्या संपलेल्या, आणि एका कॉलनीतल्या जास्वंदीच्या झाडाशेजारी हा फलक. त्यांच्यासमोर 'गिरणी बंद पडली' असं म्हणायची सोय नव्हती. पडली नाही, सोडली, आणि सोडणारे आम्ही नव्हतो, असं त्या दरवेळी दुरुस्त करून देत.

कॉलनीच्या समितीचे सचिव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते तक्रार घेऊन आले. राहत्या वस्तीत दवाखान्याची पाटी चालत नाही, नियम आहे, उद्या कोणीही काहीही लावील, असं ते चढ्या आवाजात सांगत होते. बाईंची एक सवय होती, वाद सुरू झाला की त्या समोरच्याचं मनगट पकडायच्या आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या. सचिवांचीही पकडली. ते बोलत राहिले, त्या मोजत राहिल्या. मोजून झाल्यावर म्हणाल्या की पाटीसाठी कोणाची नाडी एवढी धावत नाही, घरी काहीतरी झालंय. सचिव ओट्यावर बसले. झालंच होतं काहीतरी घरी, ते त्यांनी तासभर सांगितलं, चहा घेतला आणि पुढच्या आठवड्यापासून रक्तदाब मोजायला यायला लागले. पाटी राहिली. मग गिरणीतले जुने लोकही यायला लागले, कोणी जखम घेऊन, कोणी नुसतं बसायला. पोह्यांवर शेव घालू न देणारं इंदूरमधलं ते एकमेव घर असेल, तरी लोक येत.

या येणाऱ्यांतले एक मांगीलालजी. दवाखान्यात ते ड्रेसर होते, म्हणजे जखम धुऊन पट्टी बांधणारे. कोणाचा हात यंत्रात गेला, कोणाच्या पायावर गठ्ठा पडला, की तो माणूस आधी मांगीलालजींच्या हाती यायचा. जातपात, पाळी, खातं न बघता सगळ्यांचं रक्त त्यांनी पुसलं होतं. माणूस इतका हळू बोलायचा की समोरच्याला वाकावं लागे. बाईंना ते सिस्टरजी म्हणत. दर रविवारी येत, नव्या घडीचा शर्ट घालून, आणि बाई त्यांना ओट्यावर न बसू देता खुर्चीत बसवत. त्यांच्याशी बोलताना बाईंचा आवाजही खाली यायचा. हे मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत पाहिलं नाही.

मांगीलालजींचं गाव इंदूरपासून दोन-अडीच तासांवर. नाव लिहीत नाही. लिहिलं की शेजारची गावं साळसूदपणे मान हलवतील, जणू त्यांच्याकडे सगळं ठीक होतं. लग्नाच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून गावातून मिरवतात, तिकडे त्या मिरवणुकीला बाना म्हणतात. त्या गावात मांगीलालजींच्या समाजाच्या नवरदेवाने चौकाच्या अलीकडे घोडीवरून उतरायचं, पायातलं काढून हातात घ्यायचं, बँड बंद करायचा आणि चौक चालत पार करायचा. पलीकडे गेल्यावर हवं तर पुन्हा बसा. मांगीलालजींनी स्वतःच्या लग्नात तसंच केलं होतं. इंदूरहून घेतलेले नवे बूट हातात धरून, मान खाली घालून. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. बाईंनी सांगितली, आणि सांगून झाल्यावर त्या उठून बराच वेळ भांडी घासत बसल्या, जी आधीच घासलेली होती.

आता मांगीलालजींच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगा इंदूरला नोकरीत, शिकलेला. तो म्हणाला, बाना गावातूनच निघेल आणि मी उतरणार नाही. मांगीलालजी घाबरले, आणि त्यांना ते हवंही होतं. त्या रविवारी खुर्चीत बसून त्यांनी एवढंच म्हटलं की सिस्टरजी, मेरे जीते जी एक बार हो जाए. पण घोडीवाले त्या गावाचं नाव ऐकलं की घेतलेला विसार परत करत, कारण आधी एकदा त्या चौकात घोडीच्या पायांवर काठ्या पडल्या होत्या. पोलीस ठाण्यात बाई स्वतः जाऊन आल्या. तिथल्या साहेबांनी त्यांना समजूतदारपणे सुचवलं की बाहेरच्या रस्त्याने न्या ना, त्यात काय एवढं. बाईंनी त्यांचीही नाडी पकडली असती, पण टेबल रुंद होतं.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "ठीक आहे. घोडी नाही, तर गाडी. मी चालवीन. आणि उतरायचं कोणी नाही."

शहराबाहेर राऊला त्यांच्या वडिलांनी कधीतरी घेतलेला प्लॉट होता. शहर तिकडे सरकत चाललं होतं, मागणी होती. बाईंनी तो विकला. कॉलनीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, म्हातारपणी डोकं फिरलं. सगळ्यात जास्त चिडले त्यांचे महूचे धाकटे भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले. ते तडक आले आणि ओट्यावरच सुरू झाले. घोडा, बँड, वरात हे सगळं आपल्या समाजाने कधीच सोडलं, पांढरे कपडे घालून वंदना घेऊन साधी लग्नं लावतो आपण, जयंतीला एवढी भाषणं करतो, आणि ताई, तू दुसऱ्यांच्या घोड्याची हौस पुरवायला वडिलांची जमीन विकतेस. त्यांचं सगळं खरं होतं. मला तरी त्यात चूक सापडली नाही.

बाईंनी त्यांचं मनगट धरलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "घोडा मला पण नकोच आहे रे. पण नको म्हणून न बसणं वेगळं आणि बसू देत नाहीत म्हणून न बसणं वेगळं. तू फौजेत होता ना? तुला पण हे समजवायला लागतं?"

भाऊ चहा न घेता गेले. आणि बाई मला घेऊन इंदूरच्याच लालबागच्या मेळ्यात गेल्या. पाळणे, खेळणी, लोणच्याचे स्टॉल सोडून त्या थेट मुलांना घोड्यावर फिरवणाऱ्यापाशी. त्याला थांबवून घोडीच्या पाठीची उंची टेपने मोजली. घोडीवाला हसत होता, घोडी नव्हती. आकडा लक्षात ठेवून त्या तिथून शोरूमला आल्या होत्या, आणि म्हणून ती फरशीवरची मोजणी.

मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की बाई, घोडीच्या पाठीइतकी उंच सीट कुठल्याच मोटारीला नसते, त्याला ट्रक लागेल. त्या म्हणाल्या, नवरदेव काय गव्हाचं पोतं आहे. जेवढे इंच मिळतील तेवढे घेईन, पण घेईन.

टायवाल्याने 'इंच' हा शब्द पकडला आणि त्याचा चेहरा उजळला. त्याच्याकडे दोन चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. एक कंपनीचं, पंधरा इंची, साध्या लोखंडी रिमचं, भोवती जाडजूड रबर. दुसरं सतरा इंची मॅगव्हील, आरशासारखं चकचकीत, रबर बोटभर. त्याने सतरा इंचीवर हात ठेवून सांगितलं की मॅडम, हे लावा, गाडी दोन इंच वर जाईल, आणि सगळे मोठे लोक हेच लावतात. बाईंनी त्याचं मनगट धरलं. बिचारा घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

हे मात्र माझ्या कामातलं होतं. मी सांगितलं की पंधरा-सतरा हा आकडा फक्त मधल्या रिमचा असतो. रिम मोठी घेतली की तिच्याभोवतीचं रबर तेवढंच पातळ घेतात, नाहीतर चाक गाडीत मावणार नाही. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखीच. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी दोन्ही चाकं शेजारी उभी करायला लावली, टेप लावली, पुन्हा लावली. सारखीच भरली.

"म्हणजे लुगडं तेवढंच," त्या म्हणाल्या, "नुसता जरीचा काठ रुंद."

गिरणीतल्या बाईला याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. टायवाला अजून हरला नव्हता. त्याने सांगितलं की उंचीचं असो, पण दिसायला सतराच, रस्त्यावर गाडीचं एक प्रेझेन्स असतं. बाई म्हणाल्या, प्रेझेन्स बैठने वाले की होनी चाहिए. मी माझ्या परीने कंपनीच्या पंधरावर जोर दिला. गावाकडचा रस्ता खडीचा, शिवाय असल्या वेळी तिथे मुद्दाम दगड टाकून ठेवतात हे मांगीलालजींनी सांगितलं होतं. पातळ रबराचं चाक दगडावर गेलं की रिमच वाकते. जाड रबर मार खाऊन घेतं. शहाणा माणूस पंधरा घेऊन घरी गेला असता, आणि आमच्या कारखान्यात मला शहाणपणाचाच पगार मिळत होता.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पंधरा नाही न् सतरा पण नाही. तू इंजिनिअर आहे ना? तिसरं सांग."

तिसरं होतं. जुन्या फौजी जीपला लागतात तसले सोळा इंची रिमवरचे, उंच आणि भरगच्च रबराचे टायर. ते बसले तर गाडी खरोखरच दीडेक इंच वर गेली असती. टायवाल्याने कानांवर हात ठेवले, असलं काही केलं तर कंपनीची हमी संपली म्हणाला. बाईंनी गाडी कंपनीच्या चाकांवर घरी आणली आणि ते टायर शोधायला लागल्या. टायरबाजारात कोणी उभं करेना. पत्ता शेवटी महूच्या भावाने दिला. फोनवर दिला, रागातच दिला, वर हेही म्हणाले की मला काही विचारू नको. पण दिला.

चाकं बदलली त्या दिवशी मी गाडीखाली वाकून बघितलं आणि मला घाम फुटला. सरळ जाताना सगळं ठीक होतं. पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर आतल्या पत्र्याला घासत होतं, असा आवाज येत होता की दात आंबावेत. मी बाईंना समजावून सांगितलं की हे धोक्याचं आहे, यू टर्न मिळणार नाही, अरुंद गल्लीत वळता येणार नाही, टायर फाटेल.

"मला वळायचंच नाहीये," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती गाडी तशीच होती. सुदामा नगरच्या गल्ल्यांत ती निघाली की लोक आपापल्या स्कूटरी आत घेत, कारण जिथे बाकीचे एका झटक्यात वळत तिथे बाई पुढे, मागे, पुढे, मागे करत कोपरा काढत, आणि मागे साचलेल्या गर्दीला खिडकीतून हात दाखवत. त्या गाडीतून बाळंतिणी गेल्या, हाड मोडलेले गेले, गिरणीवाले आपल्या थकलेल्या देण्यांसाठी घोषणा देत कलेक्टर कचेरीपर्यंत गेले. देश खुला झाला, देश खुला झाला, असं टीव्हीवर सारखं चालायचं तेव्हा. बाई टीव्हीला म्हणायच्या, आधी तो चौक खोला. बाई जाऊनही आता पुष्कळ दिवस झाले. मला त्या आठवतात त्या दवाखान्यातल्या नाही, ओट्यावरच्याही नाही. त्या एका दुपारच्या आठवतात.

त्या दुपारी मांगीलालजींच्या वस्तीतून मिरवणूक निघाली. पुढे बँड, त्यामागे आमची गाडी, झेंडूच्या माळांनी बॉनेट झाकलेलं, आणि गाडीमागे वस्तीतल्या बायका. बाई स्टिअरिंगवर. शेजारी त्यांनी हट्टाने मांगीलालजींना बसवलं होतं. मागे मधोमध नवरदेव, साफा छताला टेकत होता, आणि त्याच्या शेजारी मी. सगळ्या काचा खाली. काच वर करायची नाही, ही बाईंची सक्त ताकीद होती. दिसलं पाहिजे, म्हणाल्या.

गावाच्या तोंडाशी रस्ता दोन वाटांनी फुटतो. सरळ गेलं की चौक, डावीकडे वळलं की गावाबाहेरून फेरा. तिथे कडुलिंबाखाली आठ-दहा माणसं बसलेली होती, आम्ही दिसल्यावर उठली. रस्त्यात खरंच दगड टाकलेले होते. बँडवाले आपोआप कडेला झाले आणि वाजवणंही थांबलं. एक पिकल्या मिशांचे गृहस्थ खिडकीशी आले, हात जोडले, आणि अगदी गोड आवाजात बोलले.

"मेडमजी, गाड़ी बाहर से घुमा लो. अंदर रस्ता सँकड़ा है."

"घूमती नहीं है," बाई म्हणाल्या.

त्यांना कळलं नाही. बाईंनी त्यांना दोन पावलं मागे व्हायला सांगितलं, गाडी किंचित पुढे घेत स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं, आणि टायर पत्र्यावर असं किंचाळलं की कडुलिंबावरचे कावळे उडाले. मग स्टिअरिंग पुन्हा सरळ केलं. "देख लो. बड़े पहिये डलवाए हैं. अब ये सीधी ही जाती है."

मागचा एक तरुण फसकन हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मिशीवाल्यांचा गोडवा गेला. गाडी सरळ जाऊ दे, पण दूल्हा इथे उतरेल आणि चौक चालत जाईल, जसं आजवर होत आलंय, असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, मला काय सांगता, त्यालाच विचारा. मिशीवाल्यांनी खिडकीतून मागे पाहिलं. माझ्या शेजारी त्या मुलाने साफा सरळ केला.

"मैं बैठा हूँ," तो म्हणाला.

बाईंनी पहिला गिअर टाकला. गाडी दगडांवर चढली. एकेक दगड त्या जाड रबराखाली दबत होता, गाडी डावी-उजवीकडे हेलकावत होती, आणि खाली कुठे काही मोडलं नाही. चौघेजण बॉनेटसमोर येऊन उभे राहिले. बाईंनी हॉर्न वाजवला नाही की ब्रेक पूर्ण दाबला नाही. गाडी मुंगीच्या चालीने त्यांच्याकडे सरकत राहिली. मला वाटलं आता काठी काचेवर पडते. मी डोळे मिटायला पाहिजे होते, पण मिटले नाहीत.

मधे उभ्या असलेल्याने बॉनेटवर हात टेकला, आणि बाईंचं लक्ष त्या हाताकडे गेलं. अंगठ्याचं टोक नव्हतं. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वॉर्डातल्या मेट्रनच्या आवाजात विचारलं, "अंगूठा कैसा है? ठंड में दुखता है क्या?"

तो माणूस गिरणीत होता. गावातले बरेच जण एकेकाळी गिरणीत होते. त्याने बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारी बसलेल्या मांगीलालजींकडे पाहिलं, ज्यांनी तो अंगठा रोज धुऊन बांधला होता. तो सुधारला वगैरे मी म्हणणार नाही. त्याचं मन पालटलं असंही नाही. तो फक्त खाली बघायला लागला, आणि माणूस खाली बघायला लागला की त्याचे पाय मागे सरतात. बॉनेटवरचा हात निघाला. गाडीपुरती जागा झाली. बाकीचे तिघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि तेवढ्यात आम्ही चौकात शिरलो.

चौक म्हणजे काही फार मोठा नव्हता. एक पार, एक देऊळ, दोन दुकानं. पण पारावर, ओट्यांवर, छपरांखाली माणसं गच्च भरलेली होती. माझ्या शेजारी मुलगा ताठ बसून समोर बघत होता. बाना निघाला तो चौकात आला, बसलेला आला, मला वाटलं झालं, जिंकलो आपण.

आणि चौकाच्या बरोबर मधे बाईंनी गाडी थांबवली.

मला कळेना काय झालं. बंद पडली की काय. मी पुढे वाकून बघितलं. मांगीलालजी सीटवर अंग चोरून बसले होते, मान खाली, आणि त्यांच्या पायांत बूट नव्हते. चौक आल्यावर त्यांनी ते काढले होते. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. बूट त्यांच्या मांडीवर होते, दोन्ही हातांनी धरलेले.

मुलालाही ते दिसलं. त्याच्या तोंडून 'बाबूजी' एवढंच निघालं.

बाईंनी गाडीचा गिअर काढला, हँडब्रेक ओढला. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. पारावरून कोणीतरी ओरडलं, आगे बढ़ाओ. मागे बँडवाले दगडांवरून येत होते. मी बाईंच्या खांद्याला हात लावला, बाई, चला इथून, म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. त्या मांगीलालजींकडे वळून बसल्या होत्या आणि त्यांचा तो खालचा, फक्त त्यांच्यासाठी राखलेला आवाज मला ऐकू आला.

"मांगीलालजी, जूते पहनिए. अपने को कोई जल्दी नहीं है."

मांगीलालजी वाकले. एक बूट पायात घातला. लेस बांधायला लागले. आयुष्यभर लोकांच्या जखमांवर ज्यांनी न थरथरता पट्ट्या बांधल्या, त्यांना लेसची गाठ बसेना. सुटली, पुन्हा घातली, पुन्हा सुटली. बाईंनी मदत केली नाही. मुलाने पुढे हात नेला तर बाईंनी तो मागे सारला. आख्खा चौक बघत होता. मांगीलालजींनी पहिल्या बुटाची गाठ मारली, ओढून पाहिली, आणि दुसरा बूट हातात घेतला. मग मान वर केली, खिडकीतून पारावरच्या माणसांकडे एकदा नीट बघितलं, आणि त्यांच्याकडे बघत बघतच तो पायात घातला.